बाजूचे पाच फूट

बिराजदार साहेब कुणाच्याही घरी गेले की आधी घराला प्रदक्षिणा घालतात. ती पुरी झाली तरच आत येऊन चहा घेतात. भिंत आणि कंपाउंडच्या मध्ये कुठे अडकले, तर फाटकातूनच परत. एका वास्तुशांतीला यजमानानं त्यांना आल्या आल्या पानावर बसवलं, तर खिडकीतून बाहेर बघून ते भरल्या ताटावरून उठले. यजमानाला म्हणाले, "मार्जिन अडीच फूटच सुटलंय. घास कसा उतरंल?"

ते आमच्या पालिकेत बांधकाम परवानगीचे इंजिनिअर. घराच्या बाजूला पाच फूट जागा मोकळी सोडायची, हा नियम; मागे परसात बांधलेलं चालतं. सूट हवी असेल तर अर्ज करायचा. मग साहेब येऊन जागा पाहतात आणि शेरा लिहितात. अर्जदार आपलं रडगाणं सुरू करतो. साहेब ते पूर्ण ऐकून घेतात आणि विचारतात, "अडचण प्लॉटची हाय का माणसाची?" प्लॉट वाकडा असेल, मधून नाला जात असेल, तर सूट मिळते. माणूस वाकडा असेल तर मिळत नाही. पेढे चालत नाहीत, नातं चालत नाही. शेजार तर मुळीच चालत नाही, हे मी सांगू शकतो, कारण त्यांचं आणि माझं कंपाउंड एकच आहे.

मागच्या वर्षी आई पडली. लातूरला खुब्याचं ऑपरेशन करून तिला घरी आणलं. पण आमचं संडास-बाथरूम परसाच्या टोकाला, सात पायऱ्या उतरून. तिला धरून नेताना दर पायरीवर थांबावं लागायचं. तिच्या खोलीला लागूनच बाजूच्या मोकळ्या जागेत छोटं बाथरूम बांधावं म्हणून मी अर्ज केला.

साहेब टेप घेऊन आले. "अडचण?"

"आईची."

"म्हणजे माणसाची."

पण ते गेले नाहीत. पुन्हा मोजलं. दुसऱ्या दिवशी आले, तिसऱ्या दिवशी आले, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत तिरकं मोजून पाहिलं. माझं डोकं फिरलं. हा माणूस माझी चूक हुडकतोय अशी माझी खात्रीच झाली, कारण चूक होतीच. परसात, घराच्या मागच्या भिंतीला लागून एक जुना आड होता. प्लॅन काढणारा म्हणाला होता, "आड दाखवू नका गुर्जी, फाइल अडकती." आमच्या गावात तो कुणीच दाखवत नाही. वर फरशी टाकायची, फरशीवर तुळस ठेवायची, आणि नकाशात परस कोरं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी साहेब आईच्या खाटेजवळ खुर्चीवर टेकले. "चारी कोपरे काटकोनात हायत, माय," असं म्हणाले, आणि आवाज मात्र मयतीच्या घरातला.

"मागं आड हाय की, फरशीखाली," आई सहज बोलून गेली. "न्हाईतर ह्यानं मागंच नसतं का बांधलं?"

साहेब उठून जवळजवळ पळतच परसात गेले. तुळस बाजूला करून फरशीवर मूठ आपटली. परत आले ते हसत. दहा वर्षांत मी त्यांचे दात पाहिले नव्हते. "गुर्जी, हेच लपवून ठेवलंत व्हय? अहो, ही प्लॉटची अडचण. मागं बांधताच येत न्हाई. बसतंय की नियमात."

म्हणजे तीन दिवस ते माझी चूक नव्हे, मला होकार द्यायला कारण शोधत होते. मनात त्यांना दिलेल्या सगळ्या शिव्या मी मुकाट परत घेतल्या.

शेरा त्यांनी तिथंच मांडीवर लिहिला. सही झाली. तरी ते उठेनात.

"आमच्या हिच्यासाठी बी असाच अर्ज केलता मी," ते आईला म्हणाले. त्यांच्या पत्नी संधिवातानं आखडल्या होत्या. चार वर्षांपूर्वी गेल्या. "शेरा बी मीच लिहिला. नामंजूर. प्लॉट सरळ हाय आमचा. समदं परस खोदून पायलं, माय. आड न्हाई, खडक न्हाई, काहीच न्हाई. मग मागंच बांधलं, नियमात. चार पायऱ्या उतरून जावं लागायचं तिला."

"काय म्हणल्या त्या?" आईनं विचारलं.

"म्हणली, नियम हाय तर हाय."

आई म्हणाली, "दुपारनंतर पाणी पीत व्हत्या का त्या?"

साहेबांनी आठवून पाहिलं. "न्हाई," ते हळूच म्हणाले. "मला वाटायचं, तिला तहानच कमी हाय."

त्यांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकानं उगीच पुसत राहिले. मला त्यांच्याकडे बघवेना, म्हणून मी आईच्या उशाशी पाहिलं. तिथं पाण्याचा तांब्या होता. सकाळी मीच भरून ठेवलेला, अजून तसाच काठोकाठ.