नऊ कॅसेटींची सफाई

हरसुखभाई गोंडलिया टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले होते, पण लोकांना खात्री द्यायची सवय सुटली नव्हती. सुरतेत गावकऱ्यांच्या सभेत उभे राहून त्यांनी जाहीर केलं, "कानजी भगतांच्या नऊ कॅसेटी माझ्याकडे द्या. भगत शेजारी बसून गातायत असं वाटलं नाही, तर मला मेळाव्यात बोलावू नका!"

"गेल्या मेळाव्यात माइक तुम्हीच लावला होता ना?" मेळावा समितीचे प्रमुख भीमजीभाई मिशीतून हसले. "गावानं दोन तास शिट्टी ऐकली!"

सगळे हसले. सौराष्ट्रातल्या खीजडियाचं अर्धं गाव हिरे घासायला सुरतेत आलं, त्याला वीस वर्षं झाली. भगत गावीच वारले. त्यांचा आवाज उरला तो फक्त या नऊ कॅसेटींत, भजनाच्या डायऱ्यात, म्हणजे रात्रीच्या बैठकीत, कुणी कुणी भरून घेतलेला. आणि हरसुखभाईंची गेलेली इज्जतही आता त्यातच अडकली होती.

टेपरेकॉर्डर कॉम्प्युटरला जोडला. पडद्यावर आवाजाचे डोंगर उमटू लागले आणि हरसुखभाईंचं डोकं फिरलं. भगत दोन ओळी गात, की थांबत. "या ठाकरशीभाई, पुढं बसा!" पुन्हा एक ओळ. "चहा मागं पोचला का रे?" मग खोकला, कुत्रं, पुन्हा ठाकरशीभाई!

"हा माणूस गातो कमी, पाहुणे जास्त बसवतो!" हरसुखभाई ओरडले आणि कापू लागले.

"अहो, एवढं कापून उरणार काय?" त्यांच्या पत्नी मुक्ताबेननी विचारलं.

"निव्वळ भजन!"

तीन महिन्यांत नऊ तासांचे साडेपाच झाले. मात्र जन्म सरकारी नोकरीत गेलेला. काही नष्ट करायला हात धजेना. कापलेला प्रत्येक तुकडा त्यांनी तारीखवार जोडून 'कचरा' नावानं जपून ठेवला.

मेळाव्यात सहाशे माणसं. हरसुखभाईंनी भजन सुरू केलं. शिट्टी नाही, खरखर नाही! एक भजन संपलं. टाळी नाही. दुसरं संपलं. दाढी-मिशा उतरवून आलेल्या आजोबांकडे नातवंडं बघतात, तसं गाव स्पीकरकडे बघत होतं.

पहिल्या रांगेतून रळियातमा काठी टेकत उठल्या. वय पंच्याऐंशी.

"हरसुख, माझा माणूस कुठाय?"

"कोण, मा?"

"मोहन, माझा नवरा! या भजनात ते उशिरा आले होते. भगतांनी विचारलं, बैल बांधले का? ते बोलले होते. त्यांचा फोटो नाही माझ्याकडे. तेवढाच आवाज होता. तू काय केलंस त्याचं?"



"आणि आमचे ठाकरशीकाका?" मागून कुणीतरी गरजलं.

"माझ्या बापाचा खोकला होता त्यात!"

"भगत आहेत, गाव कुठाय?" भीमजीभाई कडाडले. "शिट्टी परवडली!"

हरसुखभाईंनी 'कचरा' उघडला.

"ही चप्पल कुणाची?" भगत म्हणाले. "ठाकरशीभाई, खांबाला टेकू नका, झोप लागेल. सविता, तुझं पोर उचल गं, भीमजी माझ्या वरच्या पट्टीत रडतोय!"

सहाशे माणसं हसत सुटली! भीमजीभाईंनी रुमालात तोंड लपवलं, मिशी तेवढी बाहेर राहिली.

"या मोहनभाई! बैल बांधले का?"

लांबून एक जाड, हसरा आवाज आला. "बांधले, भगत! तुम्ही गा!"

रळियातमांचा हात आपोआप वर गेला. त्यांनी पदर ओढून चेहरा झाकून घेतला, दारात नवरा उभा असावा तसा. पदराआडून म्हणाल्या, "पुन्हा लाव."

अकरा वेळा लावलं. मग उरलेला कचरा, तीन तास, जेवणं थांबवून! प्रत्येक नावाला टाळ्या, खोकल्याला वन्स मोअर. भीमजीभाईंनी स्वतः हरसुखभाईंना शाल पांघरली, पोरांनी त्यांना खांद्यावर घेतलं आणि साऱ्या गावानं पेनड्राइव्ह पुढं केले. साडेपाच तासांचं निव्वळ भजन मात्र एकानंही मागितलं नाही.

सोमवारी खीजडियाशेजारच्या कोटडा गावाचा फोन आला.

"हरसुखभाई, नाव ऐकलंय तुमचं! आमच्याही अकरा कॅसेटी आहेत. मधे मधे कुणीतरी गातंय, तेवढं काढून द्याल?"