पाहुण्यासाठी राखलेलं शहर

रोझारिओ एक्केचाळीस वर्षांनी आपल्या गावी, नापोलीत आला, तो एका दिवसासाठी. दिवसही पुरता नव्हता. सहलीचं जहाज सकाळी आठला धक्क्याला लागलं आणि साडेचारला सगळ्यांनी परत चढायचं होतं.

त्याच्या थोरल्या बहिणीच्या, नुन्त्सियाबाईंच्या पर्समध्ये बिनछपराच्या बसची दोन तिकिटं होती, दिवसभर चालणारी. किल्ला, राजवाडा, टेकडीवरचा मठ, सगळं दाखवायचं होतं. त्यातलं एकही त्यांनी स्वतः पाहिलं नव्हतं. अडुसष्ट वर्षं त्याच गावात राहून. ठेवणीतले कप पाहुणा आल्यावर काढतात, किल्ल्याचंही तसंच, असा त्यांचा हिशेब. नवरा एकदा म्हणाला होता, "चल, बघून येऊ."

"कुणाबरोबर?"

"माझ्याबरोबर."

"तुम्ही काय पाहुणे आहात?"

पुढे नवरा गेला. किल्ला राहिला. आणि हक्काचा पाहुणा अर्जेंटिनात जाऊन बसलेला.

"आधी पाच मिनिटं मावशीकडे," बाई धक्क्यावरच म्हणाल्या. "नव्वदीची आहे ती. न भेटता गेलास तर गल्लीत मला तोंड दाखवायची सोय राहणार नाही."

मावशींनी कॉफी केली. इथं चूक एकच झाली, रोझारिओने ती बाल्कनीत उभं राहून प्यायली. आमच्या गल्ल्या अशा, की या बाल्कनीतून त्या बाल्कनीत मीठ मागता येतं. समोरच्या बाल्कनीत शेजारीण एर्मेलिंदाबाई कपडे वाळत घालत होत्या.

"मावशीची कॉफी गोड लागली वाटतं," त्या म्हणाल्या. "आमची काय कडू असते?"

मग तिथं जावं लागलं. तिथून न्हाव्याच्या बायकोने पाहिलं. तिच्या बाल्कनीतून आणखी दोघींनी. पाचव्या कॉफीला रोझारिओच्या हातातली बशी वाजायला लागली. प्रत्येक घरात त्याला लहानपणी कुणी धोपटलं होतं ते नव्याने सांगण्यात आलं, आणि 'जाडा झालास' व 'वाळलास' हे दोन्ही शेरे एकाच जिन्यावर मिळाले.

"ताई, किल्ला?" त्याने हळूच विचारलं.

"किल्ला कुठं पळून जातोय," बाई म्हणाल्या, पण घड्याळाकडे बघत. बारा वाजले होते आणि साठ पावलं चालून झाली होती.

तेवढ्यात मावशींनी वरून दोरीला बांधलेली टोपली खाली सोडली. टोपलीत चिठ्ठी होती. मांसाचा रस्सा पहाटेपासून चुलीवर आहे, आता काय ते तुम्ही बघा. नापोलीत अशा चिठ्ठीला नाही म्हणणारा माणूस अजून जन्मायचा आहे. जेवण तीनला संपलं, असं वाटलं, तेव्हा गोड आलं.

शेवटी दोघं बंदराकडे धावतच निघाली. धक्क्यावर रोझारिओ शिडीपाशी थांबला. त्याने डोक्यावरची, जहाजाचं नाव छापलेली टोपी काढून बहिणीच्या डोक्यावर ठेवली.

"पुढच्या वेळी किल्ला. नक्की."

"नक्की," बाई म्हणाल्या. पुढची वेळही एक्केचाळीस वर्षांनी आली तर कोण किती वर्षांचं असेल, हे गणित दोघांनीही केलं नाही.

तो शिडी चढून गेला. बाई वळल्या, तर समोर ती बस. शेवटची फेरी होती. बाई थोडा वेळ उभ्या राहिल्या, मग चढल्या. वरच्या मजल्यावर एका जागेवर त्या बसल्या, दुसऱ्या तिकिटाच्या जागेवर पर्स ठेवली.

बस वळणं घेत टेकडी चढली. लांब उत्तरेकडच्या तोरिनोहून नोकरीला आलेली गाईड कुठल्याशा राजाबद्दल सांगत होती. बाई ऐकत नव्हत्या. खाली अख्खं गाव पसरलं होतं, एवढं मोठं, आणि पलीकडे आखात. त्या आखातातून एक पांढरं जहाज निघालं होतं. बाई जागच्या जागी अर्धवट उठल्या.

गाईडने आधी टोपीकडे पाहिलं, मग जहाजाकडे, आणि तिचा चेहरा उतरला.

"बाई, तुमचं जहाज सुटलं."

सगळी बस वळून पाहू लागली. एका जर्मन गृहस्थाने पाण्याची बाटली पुढे केली. कुणी बंदरावर फोन लावायला घेतला.

"आता कसं करणार हो तुम्ही?" गाईड रडकुंडीला आली. "इथं कुणी ओळखीचं तरी आहे का?"

नुन्त्सियाबाईंनी खाली गल्लीच्या दिशेने पाहिलं.

"आहेत थोडे."

जहाज आता साखरेच्या दाण्याएवढं दिसत होतं. ते पार दिसेनासं होईपर्यंत बाई बघत राहिल्या. मग टोपी नीट करून खाली बसल्या आणि गाईडच्या हातावर थोपटलं.

"जाऊ दे ते, पोरी. मला हे गाव आवडायला लागलंय."