मी अंगावर घेतो

भाऊसो जॉबरचा मला फार हेवा वाटायचा. लढाईचे दिवस होते आणि माधवनगरच्या एका गिरणीत मी हजेरी कारकून होतो, तर भाऊसो मागावरच्या कामगारांचा मुकादम. माग बंद पडला, सूत खराब निघालं, काहीही बिघडलं की मॅनेजर तांबडेलाल होऊन खात्यात यायचे. सगळे माना खाली घालायचे. मग भाऊसो एक पाऊल पुढे टाकून म्हणायचा, "जाऊ द्या सायेब, मी अंगावर घेतो." झालं! मॅनेजर परत, माग सुरू. आपणही एकदा कुठेतरी असं म्हणायचंच, असं मी ठरवून टाकलं होतं. (हजेरी कारकुनाला अंगावर घ्यायला मिळतं काय? फार तर शाई.)

ती संधी मला आमच्या चिरंजिवांनी दिली. बारसं होऊन थोडेच दिवस झाले होते, नाव मानसिंग. हे मानसिंगराव दिवसभर झोपायचे आणि दिवेलागण झाली की प्यायला बसायचे. प्यायचे, डुलकी घ्यायचे, दचकून उठायचे, पुन्हा प्यायचे, ते थेट कोंबडा आरवेपर्यंत. माझ्या बायकोला, शालूला, आई नव्हती. म्हणून बाळंतपण आमच्याकडेच झालं आणि त्यासाठी तासगावाकडून माझी बनुआत्या आली होती. शेकशेगडी, न्हाणं, मालिश सगळं आत्या दिवसा करायची आणि रात्री गाढ झोपायची. मीही झोपायचो. शालू तेवढी पोराला घेऊन भिंतीला टेकून बसलेली असायची. तिच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. हाक मारली तर ती ओ द्यायच्या आधी कोण हाक मारतंय हे आठवून बघायची.

एका संध्याकाळी मी ओसरीवर वहाणा काढत होतो, तेव्हा आतून आत्याचा आवाज आला.

"शालू, तुझं दूध पुरत न्हाई गं पोराला. पुरलं असतं तर रातभर वढत बसलं असतं व्हय? सोमवारी कोंडीबाची शेळी आणून बांधती दारात. अंगावरचं बंद. बोंडल्यानं पाजू."

"पान्हा फुटतोय की मला, आत्याबाई. लुगडं भिजतंय माझं."

"भिजतंय म्हंजे पुरतंय असं न्हवं."

मग शालूचं मुसमुसणं ऐकू आलं. शालू सहसा रडणारी बाई नव्हे. पोराला स्वतःचं म्हणून द्यायला तिच्याजवळ हे एवढंच होतं, आणि तेच कमी पडतंय असं आता घरात ठरत होतं. मी भाऊसोसारखा एक पाऊल पुढे टाकून आत गेलो (एका पायात वहाण तशीच होती) आणि ठणकावून म्हणालो,

"आत्या, शेळीबिळी काय नगं. आजपास्नं रातीचं पोराला मी अंगावर घेतो!"

आत्याच्या हातातला तांब्या खाली पडला.

"काय घेतोस?"

"अंगावर! शालू दमलीया. दिवसाचं ती घेईल, रातीचं मी."

आत्याने माझ्या छातीकडे बघितलं. मग देवाकडे बघितलं. "आरं कृष्णात, जरा तरी लाज बाळग."

"त्यात लाज कसली? बापाचं कामच हाय ते."

"तुझ्या बापानं न्हाई घेतलं कवा!"

शालू पदर तोंडात कोंबून गदगदत होती. मला वाटलं, रडतेय. मग पदर सुटला आणि ती इतकी हसली की पोर जागं झालं. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. मी भाऊसोचं अंगावर घेणं म्हणत होतो आणि आत्या बायकांचं! मी पुष्कळ समजावून सांगितलं, पण तोवर भिंतीपलीकडच्या साबेराभाभींनी सगळं ऐकलं होतं.

दुसऱ्या दिवशी गिरणीच्या दारात भाऊसो उभाच. "कारकूनसायेब, वाऱ्यात उभं ऱ्हाऊ नगासा. बाळंतवारं लागंल." एवढं बोलून त्याने खात्यातला मूठभर कापूस माझ्या हातावर ठेवला. "कानात घाला. हितं कापसाला तोटा न्हाई." साबेराभाभींचे यजमान चांदसाहेब, त्यांचं किराणा दुकान. त्यांनी तर डिंक आणि खोबरं पुडीत बांधून दिलं. "आमच्या घरच्यांनी सांगितलंय, ह्यानं दूध लय येतं," एवढं म्हणून ते शेंगांच्या पोत्याआड हसायला गेले. साखर रेशनवर होती, म्हणून आत्याने शालूसाठी गुळातच लाडू वळले.

एवढं हसं झाल्यावर माघार घेणंही जमेना. रात्री शालू पाजून झालं की पोराला माझ्या उघड्या छातीवर ठेवायची आणि वरून घोंगडं टाकायची. पहिल्या रात्री चिरंजिवांनी माझी छाती या टोकापासून त्या टोकापर्यंत हुडकली. हाती काही लागेना, तेव्हा मूठभर केस उपटले. मग मोठा उसासा टाकला, कान माझ्या छातीला लावला आणि झोपले. रॉकेलही मोजकंच मिळायचं, म्हणून दिवा मालवलेला. हलायची सोय नव्हती. मी अंधारात शालूचा संथ श्वास ऐकत पडलो. लग्न झाल्यापासून तिला झोपलेली मी कधी पाहिलीच नव्हती, कारण आधी मीच झोपलेला असायचो. रात्र एवढी लांब असते आणि ती एकटीने बसून काढावी लागते, हे मला ठाऊकच नव्हतं. फार वाईट वाटलं. आणि जागरणाने भूक किती लागते, तेही तेव्हाच कळलं. लाडवांचा डबा हाताशीच होता.

सोमवारी उजाडता उजाडता कोंडीबाची शेळी दारात ओरडली. बोंडलं घेऊन आत्या आत आली. मानसिंगराव माझ्या छातीवर पालथे होऊन घोरत होते. आत्या बघत उभी राहिली.

"कवाधरनं निजलंय?"

"शालूनं पाजून दिलं तवापास्नं. रोज असंच निजतंय."

आत्याने बोंडलं खाली ठेवलं. मग शालूजवळ बसली आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

"माझंच चुकलं, पोरी. उपाशी पोर असल्या कोरड्या माळावर निजलं असतं व्हय? दूध पुरतंय त्याला. त्याला रातीचं जवळ माणूस लागतंय, एवढंच." आणि दाराकडे तोंड करून ओरडली, "कोंडीबा, ने रं शेळी माघारी!"

शालूने पोराला उचलून उराशी धरलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ते मागच्यासारखं नव्हतं. मी छाती पुढे काढून उभा राहिलो. (कोरडी का होईना, पुराव्याला लागली होती.)

"बघ आत्या, मी अंगावर घेतलं म्हणून—"

आत्याचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. टाळू भरायला तिने पोराला मांडीवर घेतलं होतं आणि तेलाची बोटं मध्येच थांबली होती. टाळूवरून तिने खोबऱ्याचा कीस उचलला. मग गुळात चिकटलेला डिंकाचा खडा. तो उजेडात धरून बघितला, मग डबा उघडून बघितला, मग माझं पोट बघितलं. बाळंतिणीचं पोट बांधायला काढून ठेवलेलं लांबलचक फडकं खुंटीवर होतं. ते ओढून तिने माझ्या अंगावर फेकलं.

"घे, बांध. शालूचं दूध पोराच्या अंगाला लागलं आन् लाडू तुझ्या."