कर्नलसाहेबांचं बारावं पत्र

लिमये काकांना व्हॉट्सअ‍ॅपवर साधं ‘हॅपी दसरा’ पाठवलं तरी ते त्याचं प्रिंट काढतात. आपट्याच्या पानाचं चित्र, खाली सोनेरी अक्षरं, सगळं रंगीत. मग त्या कागदाच्या तीन घड्या घालतात आणि मागच्या बाजूला शाईच्या पेनाने लिहितात: पाठवणाऱ्याचं नाव, मिळाल्याची तारीख, उत्तर दिल्याची तारीख. मग लाल फितीने बांधून बुटांच्या खोक्यात. माझ्या नावाचं एक अख्खं खोकं आहे. त्यात ‘काका, गार्बेज आज नाही, उद्या आहे’ हे पत्रसुद्धा सुखरूप आहे. नोंद पाहिजे, असं काका म्हणतात. दिवसातून दहादा म्हणतात.

मी त्यांची शेजारीण, सुमेधा. बारा वर्षं टेक्सासमधल्या अर्विंगमध्ये सॉफ्टवेअर टेस्टर आहे, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका काढून पोट भरते. एक नवरा होता, तोही असाच कंटाळून गेला. इथल्या मराठी मंडळातल्या बायका मला फटकळ म्हणतात, आणि उगाच म्हणत नाहीत.

काका पंधरा वर्षं आपल्याकडे पाटबंधारे खात्यात होते आणि पुढची पंचवीस इथे पाइपांची डिझाइनं करत. घर स्वतःचं, पेन्शन स्वतःची, आणि चार वर्षांपूर्वी मालतीकाकू गेल्यापासून दिवसही सगळाच्या सगळा स्वतःचा. मुलगा मिहिर आणि सून नेहा तिकडे सिअ‍ॅटलजवळ बॉथेलला. काकू होत्या तोवर त्या रोज मिहिरशी फोनवर बोलत आणि काका मागून ‘त्याला विचार, गाडीचं ऑइल बदललंस का’ एवढंच ओरडत. काकू गेल्या आणि मधली तार तुटली. फोनवर काय बोलायचं असतं ते काकांना कधी शिकायची वेळच आली नव्हती.

त्यातच त्यांना कर्नलसाहेब भेटले.

व्हर्जिनियातल्या एका संग्रहालयाकडे दोनशे वर्षांपूर्वीच्या एका जमीनदार घराण्याची, म्हणजे कर्नलसाहेब आणि त्यांच्या गोतावळ्याची पत्रं आहेत, शेकड्यांनी. देश नुकता स्वतंत्र झालेला, आणि ही मंडळी एकमेकांना सारखी लिहीत बसलेली. कागद वाचवायला आधी आडवं लिहायचं, मग तोच कागद फिरवून त्यावरच उभं. त्या पत्रांचे फोटो ते संग्रहालय इंटरनेटवर टाकतं आणि घरबसल्या ज्याला हौस असेल त्याने ती वाचून टाइप करून द्यायची. काकांची हौस भलतीच निघाली. सहा महिन्यांत त्या घराण्याचे ते कुलोपाध्याय झाले. घड्या घालून मागे तारीख टाकायची सवयही तिथलीच, कर्नलसाहेब तसं करायचे म्हणून.

आणि सगळी नाती मराठीत. कर्नलची बहीण म्हणजे आत्याबाई. थोरली सून म्हणजे वहिनीसाहेब, तिचं सासूशी पटत नाही. मी संध्याकाळी ऑफिसातून दमून यावं, बाहेर एकशे चार डिग्री, हातात ग्रोसरीच्या पिशव्या, आणि काकांनी कुंपणावरून सांगावं की आत्याबाईंनी पुन्हा पडद्याच्या कापडावरून भांडण काढलंय. मी एकदा म्हटलं, काका, त्या जाऊन पावणेदोनशे वर्षं झाली, आता तरी सोडा. तर म्हणाले, अगं, पण पत्र आजच वाचलं ना मी.

एकदा कर्नलने मुलीला लिहिलं होतं की दोन पिंपं खारवलेलं मांस, पडद्याचं कापड आणि स्वयंपाकीण हॅना असं सगळं एकाच गाडीने तुझ्याकडे पाठवतो आहे. काकांना भरून आलं. बाप लेकीची किती काळजी घेतो बघ, म्हणाले. माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, काका, हॅना गुलाम म्हणून विकत घेतलेली बाई होती. तिचंही कुणी मागे राहिलं असेल, तिला पत्र कोण लिहिणार होतं? दुसऱ्या दिवशी त्यांनी एक वेगळी वही केली आणि पत्रांत जिथे जिथे असं माणसाचं नाव सामानाच्या यादीत येईल, तिथून ते उचलून वहीत उतरवायला लागले. कर्नलसाहेबांचं कौतुक मात्र तसूभर कमी झालं नाही.

कामात ते इतके काटेकोर की अंगावर काटा यावा. कर्नलने शब्द अर्धवट सोडला तर अर्धवटच. शाईचा डाग असेल तर ‘डाग’. कोरं पान असेल तर ‘कोरं पान’ असं टाइप करायचं, कारण कोरेपणाचीही नोंद पाहिजे. संग्रहालयाचा नियम असा की प्रत्येक पान दुसऱ्या कुणीतरी पडताळून ‘मंजूर’ म्हणायचं. काकांनी मला त्या कामाला जुंपलं. तुझा धंदाच तो आहे, म्हणाले. पहिली पन्नास पानं मी डोळ्यांत तेल घालून तपासली. एक चूक सापडली नाही. मग मी न वाचता ‘मंजूर’ दाबायला लागले, मीटिंगमध्ये कॅमेरा बंद करून, एका हाताने पोळी खात.

सगळ्यांत आवडतं प्रकरण म्हणजे कर्नलचा धाकटा मुलगा एडमंड. हा बापाशी बिनसून केंटकीला निघून गेला. कर्नलने त्याला अकरा पत्रं लिहिली. तू लिहीत नाहीस. तुझं मागचं पत्र अमक्या तारखेचं. आईला घोर लागलाय. घोडा विकलास का. एडमंडचं सुरुवातीचं एक पत्र सापडलं, त्यानंतर काही नाही. काका नेहमी कर्नलच्या बाजूने. बाप लिहितोय, मुलाला साधी पोच देता येत नाही? मी म्हणायची, बापाने दटावण्याखेरीज काही लिहिलंय का? पोच कसली द्यायची त्याने, दटावणीची? काका म्हणायचे, तुला मुलं नाहीत. हे ते मला दोनदा म्हणाले. मी दोन्हीही वेळा आठवडाभर त्यांच्याशी बोलले नाही.

मिहिरला ते तसंच लिहायचे, कर्नलसारखं आणि पाटबंधारे खात्यासारखं. कागदावर, टपालाने, आणि मुद्द्यांना क्रमांक घालून. ‘तुझ्या मेसेजमधील मुद्दा क्र. २ बाबत.’ प्रत्येकाची एक प्रत स्वतःकडे. मिहिर बिचारा इंग्रजीत दोन ओळी पाठवायचा, काका त्यांचे चार मुद्दे करायचे.

अडीच वर्षांपूर्वी मिहिरने पहिल्यांदाच मोठी ईमेल लिहिली. नेहाला पाचवा महिना होता. बाळ गेलं होतं. काकांनी मला बातमी कुंपणाशी सांगितली, तारखेसकट. दुसऱ्या दिवशी उत्तराची प्रत घेऊन आले. जरा बघ, मुद्देसूद झालंय का. माझा कॉल सुरू होता. मी कागदावरून नजर फिरवली आणि ‘छान आहे काका’ म्हटलं. ते छान म्हटलेलं पत्र मी वाचलं ते नंतर, उशिरा. मुद्दा क्र. १: वाईट झालं. मुद्दा क्र. २: नेहाने लोहाच्या गोळ्या बंद करू नयेत. मुद्दा क्र. ३: तिकडे पाऊस चालूच असेल, छपराच्या पन्हळींतली पानं काढलीस का?

त्यानंतर मिहिरचं काही आलं नाही. काका तसं म्हणाले नाहीत. बिझी असेल, म्हणाले.

आणि मग कर्नलचं सातवं पत्र आलं. एडमंडचं तान्हं मूल वारलं होतं. कर्नलने त्यावर दीड ओळ लिहिली, देवाची इच्छा वगैरे, आणि लगेच पुढे तंबाखूचं पीक. मला वाटलं, आता काका ‘त्या काळी असंच लिहायचे’ म्हणतील. म्हणाले नाहीत. ते पान टाइप करायला त्यांना नऊ दिवस लागले. उन्हाने डोळे दुखतात, एवढं सांगितलं.

या ऑगस्टमध्ये संग्रहालयाच्या बाईंची ईमेल आली, आम्हा दोघांना मिळून. अभिनंदन केलं होतं. पीएच.डी. करणाऱ्या एका मुलीला कर्नलचं बारावं पत्र सापडलं होतं आणि ती आनंदाने वेडी व्हायची बाकी होती. इतका कोरडा माणूस, आणि हे एवढं हळवं पत्र. तिचा अख्खा प्रबंध त्याने बदलणार होता. दोन दिवसांनी दुसरी ईमेल आली. मूळ पानाचा फोटो कोरा दिसतोय, काही गोंधळ आहे का? तिसरी ईमेल खास अमेरिकन होती. तुमच्या सेवेबद्दल आम्ही मनापासून ऋणी आहोत, असं म्हणत म्हणत काकांचं लॉगिन त्यांनी बंद केलं. मला लिहिलं की ते पान तेवढं दुरुस्त करून टाका. मंजूर मीच केलं होतं ना.

मग मी ते पान उघडलं आणि पहिल्यांदा वाचलं. इंग्रजी हुबेहूब कर्नलचं. मी आपलं मराठीत सांगते.

‘प्रिय एडमंड, बाळ गेल्याचं तुझं पत्र समोर आहे. त्याला मी उत्तर पाठवलं होतं, पण ते उत्तर नव्हतं. तू तुझं दुःख सांगितलंस आणि मी तुला छपराचं विचारलं. तुझी आई असती तर तिने काही लिहिलंच नसतं, गाडी जोडून निघाली असती. मलाही निघता आलं असतं. दारात उभं राहून काय बोलायचं ते मला सुचलं नाही, म्हणून मी घरी बसून लिहिलं. बाळाचं नाव काय ठेवणार होतात ते मी विचारलं नाही. सांगशील का?’

सातव्या पत्रात कर्नलची बायको चांगली हिंडतीफिरती होती. आणि छपराचं त्याने कधीच विचारलं नव्हतं.

शनिवारी दुपारी लॅपटॉप घेऊन मी काकांकडे गेले. ते टेबलाशी बसून एकेक भेंडी फडक्याने पुसत होते. तिसरी ईमेल त्यांनी वाचली होती, घडी घालून मागे तारीखही टाकली होती. माझ्या ओठांवर पुष्कळ बोल आले होते. दिसतं तेच लिहायचं म्हणून मला दोन वर्षं पिडलंत, आणि स्वतः अख्खं पत्र घुसडलंत? त्या पीएच.डी.वाल्या मुलीचं काय झालं असेल? यातलं थोडं मी बोललेही. काका मान खाली घालून पुसत राहिले. मग म्हणाले, “अकराव्या पत्रामागे पान कोरं होतं गं. त्याच्याकडे जागा होती. त्याने लिहायला हवं होतं.”

मी म्हटलं, “त्याने नाही, तुम्ही. हे मिहिरला का पाठवलं नाहीत?”

काका उठले आणि ड्रॉवरमधून चार पाकिटं काढून माझ्यापुढे ठेवली. चारही बॉथेलच्या पत्त्याची, चारहींवर पोस्टाची पिवळी पट्टी: राहणारा इथे नाही, परत पाठवा. मी त्यांतलं एक उजेडाकडे धरलं. आत मुद्द्यांचे क्रमांक नव्हते. फोनवर पाठवलंत का, असं विचारलं तर म्हणाले, एकच टिक येते, दुसरी येत नाही.

“घर बदललंय त्याने,” काका म्हणाले. “नवं कुठे ते मला ठाऊक नाही. तुझ्या कॉम्प्युटरवर सापडेल का?”

इथे कुठलं घर कुणाच्या नावावर आहे ते सरकारी साइटवर कुणालाही बघता येतं. मला पाच मिनिटं लागली, तीही स्पेलिंग दोनदा तपासलं म्हणून. मिहिर आणि नेहा लिमये. बॉथेल सोडून त्यांना दीड वर्ष झालं होतं. नवं घर टेक्सासमध्येच होतं, आमच्या उत्तरेला, हायवेने पंचवीस मिनिटांवर. मी भाजीला जाते त्या इंडियन स्टोअरच्या मागची तिसरी गल्ली.

मी स्क्रीन माझ्याकडे वळवून घेतली. दीड वर्ष मुलगा पंचवीस मिनिटांवर राहतोय आणि आला नाही, हे मी या माणसाला कुठल्या तोंडाने सांगणार होते? मिहिरचा मला राग आला. मग ते पन्हळींचं पत्र आठवलं, आणि ते ‘छान आहे काका’ म्हणणारी मी आठवले, आणि राग नेमका कुणावर ठेवावा ते कळेना.

“सापडला का?” काकांनी विचारलं.

“सापडला.”

“लांब आहे का गं?”

“हो काका,” मी म्हटलं. “बरंच लांब आहे.”

काकांनी कपाटातून एक कोरं पाकीट आणलं आणि माझ्या हातात दिलं.

“मग पत्रच बरं,” ते म्हणाले. “पत्ता मात्र तू घाल. माझं अक्षर दिसलं तर तो उघडायचा नाही.”