मोजक्या हुकमांचे मुकादम

हसन मुकादम "निघतो" म्हणाले, की आम्ही कुणी जागचे उठत नसू. कारण "निघतो" म्हटल्यावर हा माणूस आधी एक काम उरकायचा. कधी पेला विसळून पालथा घालायचा, कधी आमच्या कचऱ्याची पिशवी उचलायचा, आणि मगच दाराबाहेर पडायचा. एकदा न राहवून मी विचारलंच. म्हणाले, "वहिनी, आमचं नवं कॉम्प्युटर मशीन एका कामावरून दुसऱ्यावर उडी घेण्याआधी रांगेतला पुढचा एक हुकूम पुरा करतं. तेवढा वेळ फुकट का घालवायचा?"

मी कपाळाला हात लावला.

दम्मामला तेलाच्या एका कंपनीत आमचे हे आणि मुकादम एकाच कॉम्प्युटर रूममध्ये होते. जमिनीखाली तेल कुठे दडलंय त्याचे नकाशे तिथे निघायचे. तिथलं कपाटाएवढं जुनं धूड जाऊन टेबलावर मावणारी नवी वर्कस्टेशनं आली, आणि मुकादम त्यांच्या प्रेमातच पडले. त्यांची थोरवी मला भाजी निवडताना ऐकावी लागे. "जुन्या प्रोसेसरला ढीगभर हुकूम येतात. एकेक असा लांबलचक, की अर्थ लावण्यातच त्याचा निम्मा दम जातो. नव्याला मोजकेच येतात, साधे. पण घड्याळाच्या ठोक्याला एक. खलास!"

इथवर ठीक होतं. पण त्यांनी तोच कायदा माझ्या संसाराला लावला. मी ह्यांना सांगायची, "येताना दही आणा, आणि धोब्याचं दुकान उघडं असलं तर कपडे घ्या, नसलं तर उद्याचं विचारून या, आणि कोथिंबीर ताजी असली तरच." हे हात हलवत परत यायचे. मुकादम म्हणायचे, "चूक तुमची, वहिनी. हुकूम कमी करा." मी चिडून म्हणायची, "मग तुम्हीच आणा!" आणि ते खरंच घेऊन यायचे, दही तेवढं. नवऱ्याची बाजू घेणारा शेजारी कुणाला आवडतो? मला तर मुळीच नाही.

त्यांची बायको आणि तीन लेकी श्रीवर्धनला. दोन वर्षांतून एकदा ते गावी जायचे, तेही सुट्टीपुरते. फोन लागला की तिथेही तेच. "जेवलात? अभ्यास? आईला दे." मी म्हणायची, "अहो, लेकी आहेत त्या, मशीन नाही."

मग कुवेतवरून युद्ध पेटलं. इराकच्या क्षेपणास्त्रांत विषारी वायू असेल, अशी सगळ्यांना धास्ती. कंपनीने गॅस मास्क वाटले, सोबत इंग्रजीत बारीक अक्षरांचं माहितीपत्रक. आमच्या आतल्या खोलीच्या खिडक्यांना चिकटपट्टी लावली आणि खालच्या बॅचलर खोलीतल्या मुकादमांनीही धोक्याचा भोंगा झाला की तिथेच यायचं ठरलं. त्यांनी ते माहितीपत्रक बाजूला ठेवलं आणि मजल्यावरच्या सगळ्यांना जिन्यात उभं केलं. "श्वास रोखा. हनुवटी आत. पट्टे ओढा. फुंकर मारा. बस्स." पंजाबी, मल्याळी, आम्ही, सगळ्यांकडून हिंदीत घोटून घेतलं. बायका वैतागल्या, पण माणूस हटेना. खोटं कशाला बोलू, मलासुद्धा डोळे मिटून मास्क घालता यायला लागला.

फक्त आमची सोनू बधेना. सहा वर्षांची पोर, रबराच्या वासाने तोंड फिरवायची. "मुझे नहीं पहनना. इट स्मेल्स."

एका संध्याकाळी भोंगा झाला. मुकादम धावत वर आले, आल्या आल्या गॅस बंद केला आणि खोलीचं दार लावून फटीत ओला टॉवेल कोंबला. आम्ही मास्क घातले. सोनू पलंगाखाली. मी तिला ओढून काढलं, तर ती हातपाय झाडायला लागली. हे मास्कच्या आतून माहितीपत्रक वाचून दाखवत होते, अक्षर कळेल तर शपथ. लेकीचं तोंड उघडं आणि माझं झाकलेलं, हे मला सहनच होईना. मी माझा मास्क उपसून काढला.

"वहिनी, घाला तो," मुकादम दरडावून म्हणाले. "तिचं मी बघतो."

मी तो परत चढवला. त्यांनी हुकूम सुरू केले. "श्वास रोख. हनुवटी आत." सोनूने भोकाड पसरलं. मग मुकादम खाली बसले आणि मास्कच्या आतूनच, घागरीतून आल्यासारख्या आवाजात म्हणाले, "आमच्या गावात एक बकरी होती. तिला होडीत बसायचं भारी वेड."

सोनूचं रडणं थांबलं. "फिर?"

"फिर क्या, होडीत मासळी. बकरीला वास सोसेना. मग तिने नाकाला हेच बांधलं."

सोनू त्यांच्या मांडीवर सरकली. त्यांनी बोलत बोलत तिला मास्क चढवला, पट्टे ओढले, आणि बकरी समुद्रात निघाली. दूर कुठेतरी धडाम झालं, खिडक्या थरथरल्या. मी ह्यांचा हात घट्ट धरला. पण बकरी थांबली नाही. ती खाडी ओलांडून गेली, तिला होडी लागली, तिने नाखव्याची टोपी खाल्ली, त्याच्याशी भांडण केलं, मग समेट केला. इतकं बोलताना मी त्या माणसाला कधीच ऐकलं नव्हतं.

धोका टळल्याचा भोंगा झाला. आम्ही मास्क काढले. मुकादमांनी हळूच सोनूचाही काढला. ती त्यांच्या दंडावर डोकं ठेवून गाढ झोपली होती. मी तिला घ्यायला वाकले, तर ते जागचे हलेनात. तिच्याकडेच बघत होते.

"वहिनी," ते अगदी हळू म्हणाले, "पोरं झोपली, की एवढी जड होतात?"

तीन लेकींचा बाप मला हे विचारत होता. मला एकदम रडूच आलं.

"होतात," मी म्हटलं. "द्या इकडे, हात अवघडेल तुमचा."

"अवघडू दे," ते म्हणाले.