मेडिकेडचा आढावा आणि सिनेटरसाहेबांची कवळी

घरातून निघता निघता ओट्यावरचे उष्टे कप विसळून टाकावेत, असा सुविचार त्या सकाळी ब्रिटाच्या मनात आला. एरवी तो येत नसे. (एरवी तो नवऱ्याच्या, कोल्बीच्या मनात यावा, अशी घरची व्यवस्था होती.) पण आज तिला राज्याच्या सिनेटच्या समितीपुढे मेडिकेडचा, म्हणजे गरिबांच्या औषधोपचाराचा खर्च उचलणाऱ्या तिच्या सरकारी खात्याचा, आढावा मांडायचा होता, आणि एवढ्या कामगिरीवर निघालेल्या बाईने मागे चकचकीत स्वयंपाकघर सोडावं, असं तिला उगीचच वाटलं.

तिने एकेक कप सिंकमध्ये उपडा केला, नळ सोडला आणि सिंकखालचं खरकटं दळायचं यंत्र सुरू केलं. यंत्र आधी नेहमीसारखं घरघरलं. मग आत कुणी गारगोट्या भरडतंय असा आवाज झाला. मग सगळं शांत.

"चमचा गेला का गं?" कोल्बीने विचारलं. तो शाळेत बँड शिकवतो. बर्फामुळे शाळेला सुट्टी होती आणि तो अजून पायजम्यात होता.

ब्रिटाने बटण बंद करून आत हात घातला. हाताला लागलं ते गुलाबी होतं आणि त्याला तीन दात होते.

"ऑर्विलची कवळी!"

"वरची की खालची?"

"दोन्ही. आता वर-खाली काही उरलेलं नाही."

सिनेटर ऑर्विल स्टेनहाउस हे त्यांच्या तळघरातले भाडेकरू. अधिवेशन आलं की गावोगावचे सिनेटर राजधानीत येतात आणि मिळेल त्या तळघरात मुक्काम ठोकतात. ब्रिटाच्या वाट्याला हे आले होते. गुरांच्या बाजारात लिलाव पुकारण्यात त्यांची हयात गेलेली. रोज रात्री जेवण झालं की ते कवळी काढून कॉफीच्या कपात टाकत, कप ओट्यावर ठेवत आणि बिनदातांनी सरकारी उधळपट्टीवर बोलत बसत. "तो कप खाली न्या," असं ब्रिटाने त्यांना निदान शंभरदा सांगितलं होतं. म्हाताऱ्यांना एक गोष्ट एकदा सांगून कधी कळते?

आणि नेमका हाच म्हातारा आज महत्त्वाचा होता. मेडिकेडवरच्या प्रौढ गरिबांच्या दातांचा खर्च सरकारने चालू ठेवायचा की बंद करायचा, यावर समितीत मतदान होतं. तिघं चालू ठेवा म्हणणारे, तिघं बंद करा म्हणणारे, आणि सातवे ऑर्विल. "ज्याचे दात त्याने सांभाळावेत," असं ते रोज रात्री सांगत. (दात कपात ठेवून.)

जिन्यावर पावलं वाजली. ऑर्विल वर आले, ओट्याकडे बघितलं, रिकाम्या तोंडाकडे बोट दाखवलं.

"मला काय माहीत?" ब्रिटा म्हणाली. "तुम्हीच ठेवली असेल कुठेतरी. म्हाताऱ्या माणसांचं हे असंच."

कोल्बी पायजम्याची नाडी तपासू लागला.

आढावा खरं तर संचालकांनी द्यायचा. पण ते राजीनामा देऊन ॲरिझोनाच्या उन्हात निघून गेले होते. उपसंचालक बर्फावर घसरून खुब्याचं हाड मोडून घेऊन बसले होते. तेव्हा उरली ब्रिटा. तिला आनंदच झाला. वर्षानुवर्षं ही वडीलधारी मंडळी समितीपुढे जाऊन पुटपुटत आली. आढावा कसा देतात ते एकदा बघाच म्हणावं! धोरण, अंदाजपत्रक, नेतृत्व, असे तीन भाग. प्रत्येकाला वेगळा रंग.

"अध्यक्ष महोदया, सन्माननीय सदस्यहो," तिने सुरुवात केली आणि 'धोरण' हा निळा शब्द पडद्यावर आणला.

तेवढ्यात ऑर्विलनी माइक दाबला. माइकमधून नुसती हवा आली.

"सिनेटर, पुन्हा एकदा?" अध्यक्षा लव्हॉन प्रुइट म्हणाल्या.

पुन्हा हवा. कार्यवाही टिपणाऱ्या कारकुनाने हात वर केले. "कुणाला कळलं का?" अध्यक्षांनी विचारलं.

इथे ब्रिटाने गप्प बसायचं होतं. पण आपल्याला येतं आणि दुसऱ्याला येत नाही, अशी संधी तिने आयुष्यात कधी सोडली नव्हती.

"मला कळलं! ते विचारताहेत, खात्याची धोरणं वाचून आजवर कुणाची दाढ दुखायची थांबलीय का?"

"तुम्हाला त्यांचं बोलणं समजतं?"

"रोज रात्री ऐकते. ते माझ्या तळघरात राहतात."

"छान. मग तुम्हीच सांगत जा."

झालं! प्रश्नही ब्रिटाने विचारायचे आणि उत्तरंही ब्रिटानेच द्यायची. 'अंदाजपत्रक' पडद्यावर आलं आणि ऑर्विल बराच वेळ हातवारे करत बोलले.

"सिनेटर म्हणतात, खर्चाकडे जरा लक्ष असावं."

ऑर्विलनी टेबलावर मूठ आपटली.

"बाई," अध्यक्षा म्हणाल्या, "इतकं बोलले ते, आणि एवढंच?"

"ते म्हणतात... या खात्याला पैसे देणं म्हणजे फाटक्या पोत्यात धान्य भरणं."

"यावर खात्याचं म्हणणं?"

"पोतं फाटकं नाही, अध्यक्ष महोदया."

"पुढे?"

"ते विचारताहेत, हे खातं सध्या चालवतंय कोण?"

"मग सांगा ना."

"बहुतेक... मीच."

ऑर्विल एकच शब्द बोलले.

"ते म्हणतात, 'दिसतंय.'"

मागे कुणीतरी खुसखुसलं. मग शेजारच्या म्हाताऱ्या सिनेटरने विचारलं, "अरे ऑर्विल, पण तुझे दात गेले कुठे?"

ऑर्विल ब्रिटाकडे बघत राहिले आणि मग सावकाश बोलले. तिला अक्षर न् अक्षर कळलं. 'बर्फात पडले' म्हणून टाकावं का? इथे कुणाला समजणार होतं? पण ते एक मत त्यांच्याच हातात होतं, आणि ते डोळे तिच्यावरून हलत नव्हते.

"नोंदीसाठी मोठ्याने सांगा, बाई."

"ते म्हणतात, माझी कवळी आज सकाळी... ह्या बाईंनी सिंकमध्ये दळली. तळघरात सगळं ऐकू येतं. आणि वर मलाच म्हणाल्या, म्हाताऱ्या माणसांचं हे असंच."

सभागृह असं हसलं की समोरच्या टेबलावरचे पाण्याचे ग्लास हलले. घरी कोल्बी हे थेट प्रक्षेपण बघतोय, हे आठवून ब्रिटाचे कान तापले. ऑर्विल मात्र थांबले नाहीत. ती सांगत गेली.

"ते म्हणतात, सकाळपासून दातांच्या डॉक्टरांना फोन लावतोय. पदरचे पैसे द्यायला तयार असून एप्रिलच्या आत कुणी वेळ देत नाही. खाली उपाहारगृहात राजम्याची मऊ चिली मागितली, तर गल्ल्यावरच्या मुलीने ओरडून विचारलं, 'आजोबा, सोबत कुणी मोठं माणूस आहे का?'" आता कुणी हसत नव्हतं. "ते म्हणतात, मी आवाजावर जगलेला माणूस. एका सकाळीत मला लोक खुळा समजायला लागले. ज्यांना जन्मभर असं राहावं लागतं, त्यांना काम कोण देणार?... त्या दातांचा खर्च चालू ठेवा, म्हणतात."

अध्यक्षांनी चष्म्यावरून बघितलं. "हे ते म्हणतात, की तुम्ही?"

ऑर्विलनी उत्तरादाखल हात वर केला, आणि मतदान संपेपर्यंत खाली घेतला नाही. चार विरुद्ध तीन.

"खात्याकडून इतका समजेल असा आढावा पहिल्यांदाच आला," अध्यक्षा म्हणाल्या. ब्रिटा आभार मानायला उठली. आता 'नेतृत्व' हा केशरी शब्द दाखवावा, असा तिचा विचार होता.

"ते राहू द्या, ईमेल करा," अध्यक्षा म्हणाल्या.

"महोदया," कारकुनाने विचारलं, "आढावा सादर करणाऱ्याचं नाव काय घालू?"

"सिनेटर स्टेनहाउस."

"आणि या बाई?"

अध्यक्षांनी ब्रिटाला एकदा वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"दुभाषी," त्या म्हणाल्या.