अध्यक्षांची सायकल गाडीने येते

वडगाव मावळच्या निलेशरावांना सायकल प्रसारक मंडळाचं अध्यक्ष व्हायचं होतं, आणि अध्यक्षाला सायकल लागते इतकी समज त्यांना होती. म्हणून त्यांनी आधी गाडी घेतली. लालभडक, उघडमीट छपराची, दोनच माणसांची. डिकीवर पट्ट्यांनी आवळलेला स्टँड आणि स्टँडवर दोन सायकली, एक स्वतःची, एक त्यांच्या पत्नी समीक्षावहिनींची. निवड रविवारी सकाळी तुंगार्लीच्या तळ्याकाठी होती. उमेदवाराने सायकलीसह वेळेवर हजर राहावे, अन्यथा नाव बाद, असा मंडळाचा दंडक होता.

निघताना निलेशरावांचे वडील दत्तोबा गाडीला एक चक्कर मारून आले.

"सायकलीवर मानूस बसतंय, ते ठावं हाय मला. ही सायकल कशापायी गाडीवर बसलीया?"

"तळ्यावर नेऊन चालवायचीय, आबा."

"मंग हितनंच चालवत जावा की."

"इथनं चालवत गेलो तर तिथं पोचेस्तोवर दमून जाऊ."

दत्तोबांना हे पटलं असावं, कारण ते तडक गोठ्याकडे गेले.

कामशेत गेलं, कार्ला फाटा गेला. छप्पर उघडं होतं. लोक वळून वळून बघत होते आणि निलेशराव, आपलं लक्षच नाही अशा चेहऱ्याने, एकेकाला मोजून घेत होते. वलवणच्या अलीकडे तपासणी नाका लागला. तिथे निवृत्ती नावाचे तपासनीस होते. आवाज चढवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. नियम मात्र तोंडपाठ होते.

"मागचा नंबर दिसत नाही."

"सायकलींनी झाकलाय, साहेब."

"मग जे दिसतंय त्याच्यावर लावा."

समीक्षावहिनींनी हेल्मेटचं खोकं फाडलं, काजळाच्या पेन्सिलीने नंबर लिहिला आणि पुठ्ठा ओढणीने सायकलला बांधला. निवृत्तींनी तो शांतपणे वाचला.

"वर छप्पर नाही, मागे माल बांधलाय. हा टेम्पो आहे."

"साहेब, ही स्पोर्ट्स कार आहे हो."

"असेल. उघड्या गाडीतून माल चालला की आमच्याकडे तो टेम्पो. रविवारी टेम्पोला संध्याकाळपर्यंत गावात सोडत नाही. छप्पर लावा, लगेच कार धरतो."

निलेशरावांनी बटण दाबलं. गाडी कण्हली. छप्पर होतं डिकीत, डिकीवर स्टँड, स्टँडवर सायकली. मग सायकली उतरल्या, स्टँड सुटला, छप्पर वर आलं आणि टेम्पोची रीतसर कार झाली. घाम पुसत ते पुन्हा स्टँड आवळू लागले.

"थांबा. परत नंबर झाकणार."

"पुठ्ठा आहे ना, साहेब."

"पुठ्ठा टेम्पोपुरता होता. कारला चालत नाही."

"मग सायकली न्यायच्या तरी कशा?"

निवृत्ती विचारात पडले. असा प्रश्न त्यांना नाक्यावर कधी कुणी विचारला नव्हता.

"चालवत न्या. सायकलला नंबर लागत नाही, छप्पर लागत नाही. गाडी राहू दे इथे सावलीला. तिच्यावर आमचा आक्षेप नाही."

समीक्षावहिनींनी किल्ली खिशात टाकली आणि पायडल मारलं. निलेशरावांचा नाइलाज झाला. तुंगार्लीच्या चढाला त्यांच्या पोटऱ्या भरून आल्या, छातीचा भाता झाला. पण एका वळणावर तळ्याकडून गार वारा आला आणि ते मनापासून म्हणाले, "अगं, छान वाटतंय गं हे." लगेच त्यांच्या मनात आलं, भाषणात हे वाक्य घ्यायला हवं.

तळ्याकाठी गाड्यांची रांग लागली होती. प्रत्येक गाडीमागे एक सायकल, काहींना तर अजून कंपनीचं प्लास्टिक. फाटकावर मंडळाचे चिटणीस समर्थ उभे होते.

"गाडी कुठाय?"

"नाक्यावर. आम्ही सायकलने आलो."

समर्थांचा चेहरा पडला. "हळू बोला, निलेशराव. हे प्रसारक मंडळ आहे. जो आधीच चालवतो त्याच्यात प्रसार काय करायचा? तुम्हाला असं आत घेतलं तर उद्या दूधवाले, पेपरवाले सगळेच सभासद व्हायला येतील."

"अहो, वेळ होत आली. नाव बाद होईल माझं."

"मग सायकल माझ्या गाडीवर चढवा आणि शेजारी बसा. मंडपापर्यंतच जायचंय. दिसायला बरं दिसतं."

मंडप हाकेच्या अंतरावर होता. निलेशरावांनी सायकलीकडे बघितलं, मंडपातल्या हाराकडे बघितलं, आणि सायकल उचलून चढवली.

"तू येतेस ना?"

"मला उतार बोलावतोय," समीक्षावहिनी म्हणाल्या आणि सायकल वळवून गेल्यासुद्धा. गाडीची किल्ली त्यांच्याच खिशात होती.

निवड एकमताने झाली. हार पडला. पोटऱ्या ठणकत असताना अध्यक्षांनी वळणावरचं ते वाक्य म्हटलं, आणि तेवढं एक वाक्य खरं असल्यामुळे मंडपात कुणालाच कळलं नाही. मग त्यांनी भाषणाच्या भरात विचारलं, "आज इथे सायकल चालवत कोण आलंय?" त्यांचा स्वतःचा हात अर्ध्यापर्यंत वर गेला. समर्थांनी डोळे वटारले. अध्यक्षांनी त्याच हाताने हार सारखा केला, आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

तुम्हाला हसू आलं असेल, तर खुशाल हसा. फक्त हसून झालं की बाल्कनीत जा आणि तुमच्या सायकलच्या हँडलवरचा टॉवेल काढून घ्या. वाळला असेल आता.